हर-२ चा रिपोर्ट २+ आला तेव्हा: बायोप्सीच्या तुकड्यापासून औषध ठरेपर्यंत

ताईच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली आणि औषध ठरलं, या दोन्हींच्या मधल्या काळाबद्दल आम्हाला आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं. केमोथेरपीबद्दल सांगणारे ढीगभर भेटतात: केस कधी जातात, तोंड कधी येतं, काय खाववतं. पण त्या तुकड्यावर प्रयोगशाळेत काय चाललंय, रिपोर्टला इतके दिवस का लागतात, मधेच अजून एक तपासणी का निघते, हे कुणी बोलत नाही. आणि कोणतं औषध द्यायचं हे तर तिथेच ठरतं. आमचं ते हर-२ वर, म्हणजे गाठीच्या पेशींवरच्या एका प्रथिनावर, अडलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ताईला विचारूनच लिहिलंय. मी डॉक्टर नाही; जे आकडे देते आहे ते आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलेले, स्तनाच्या कॅन्सरपुरते आहेत. दुसऱ्या अवयवाच्या कॅन्सरला तपासण्या वेगळ्या, निकषही वेगळे.

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी कोअर बायोप्सी झाली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, जागा बधिर करून, जाड सुईने गाठीचे तुकडे काढतात. सुई सुटताना खटका वाजतो. ताईला दुखण्यापेक्षा त्या आवाजाचीच धास्ती बसली होती, तेव्हा डॉक्टरांनी आधीच एकदा सुई हवेत वाजवून दाखवली. कुणाची बायोप्सी असेल तर हे मागून घ्या, फार फरक पडतो. तुकडे पांढरट, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे. ते लगेच फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीत गेले. बाटलीवर नाव, वय, डावी-उजवी बाजू, तारीख. वेळ मात्र कुठेच लिहिली नव्हती.

ही वेळ पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून इथेच सांगते. तुकडा शरीराबाहेर आला की त्यातली प्रथिनं खराब व्हायला लागतात. फॉर्मालिन त्यांना आहे तशी धरून ठेवतं. स्तनाच्या तपासणीसाठी तुकडा तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात कमीत कमी ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. कमी राहिला तर प्रथिनं नीट धरली जात नाहीत, फार राहिला तर ती इतकी जखडली जातात की पुढच्या तपासणीत त्यांच्यावर रंग चढत नाही. म्हणजे रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ असं येऊ शकतं आणि ते खरं नसू शकतं. आमची बायोप्सी शनिवारी, प्रयोगशाळा रविवारी बंद. सोमवारी तुकडे पुढच्या प्रक्रियेला घेतले, म्हणजे मर्यादेत बसलं. पण शनिवारला जोडून सुट्टी आली असती तर? निवड हातात असेल तर बायोप्सी आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा, आणि विनंतीअर्जावर तुकडा काढल्याची वेळ लिहून घ्या. सांगितलं की लिहितात.

पहिला रिपोर्ट गुरुवारी, १३ तारखेला आला. तुकडे मेणात बसवून त्यांचा ब्लॉक करतात, त्यातून ४ मायक्रॉनच्या आसपास जाडीचे काप काढून काचेवर घेतात आणि ते हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांनी रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी. यावरून कॅन्सर आहे का, कोणत्या प्रकारचा, किती आक्रमक दिसतो हे कळतं. आमच्या रिपोर्टवर होतं: इन्व्हेसिव्ह ब्रेस्ट कार्सिनोमा (आजूबाजूला पसरणारा स्तनाचा कॅन्सर), ग्रेड ३ (सगळ्यात आक्रमक दिसणारा). खाली एक ओळ: ‘ईआर, पीआर, हर-२ साठी आयएचसी करावी.’

भावोजींना उद्याच उपचार सुरू व्हायला हवे होते. मलाही. ग्रेड ३ वाचल्यावर एकेक दिवस अंगावर येतो. ऑन्कॉलॉजिस्टनी स्पष्ट नकार दिला. म्हणाले, “आठ-दहा दिवस थांबल्याने हिचं नुकसान होणार नाही. कोणत्या जातीची गाठ आहे हे न कळता औषध सुरू केलं तर होईल.” ताई तोवर गप्प होती. तिने फक्त विचारलं, “त्या रिपोर्टवर काय आलं तर चांगलं?” डॉक्टर म्हणाले, “खरं आलं तर चांगलं. त्यावर औषध शोधता येतं.” मला तेव्हा हे उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. गाठीच्या पेशींवर किंवा पेशींत एखादं ठरावीक प्रथिन आहे का, हे रंगाने शोधायचं. त्या प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी कापावर सोडतात, तिच्यावर एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी, आणि मग एक रसायन घालतात, जे त्या एन्झाइममुळे जागच्या जागी तपकिरी होतं. प्रथिन असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे नुसता निळा. ईआर आणि पीआर हे हार्मोनचे रिसेप्टर, ते केंद्रकात रंगतात. १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, पण ईआर १ ते १० टक्क्यांत असेल तर तसं वेगळं नोंदवतात, कारण हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग तिथे तितका खात्रीचा नसतो. हर-२ पेशीच्या कडेवर रंगतं आणि त्याला ०, १+, २+, ३+ असे गुण देतात. ३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कडा. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ म्हणजे सांगता येत नाही.

ब्लॉक जिथे तयार झाला तिथे आयएचसी होत नव्हती, त्यामुळे तो मिळवण्याची कागदपत्रं सुरू झाली. हा भाग कंटाळवाणा आहे पण पायपीट वाचेल म्हणून लिहिते. ब्लॉक नेण्यासाठी रुग्णाच्या सहीचा अर्ज लागतो. रुग्ण स्वतः जाणार नसेल तर अधिकारपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, मूळ रिपोर्टची प्रत, आणि ऑन्कॉलॉजिस्टच्या लेटरहेडवर कोणत्या तपासण्या हव्यात याची चिठ्ठी. पहिल्या दिवशी चिठ्ठी नाही म्हणून मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सगळं होतं, पण ब्लॉक देणारा माणूस जेवायला गेला होता. मिळाला तेव्हा हातात काय आलं, तर आगपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यात मेण आणि मेणात पुसट पांढऱ्या रेषा. एवढ्यावर सगळं अवलंबून, हे बघून माझे हात थरथरले. कागदी पाकीट, बाहेर प्लास्टिकचा डबा, उन्हात गाडीत ठेवायचा नाही: मेण वितळतं.

इथे दोन गोष्टी नक्की करा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर शेवटी ए, बी असं असतं, आणि गाठीचा भाग ज्यात जास्त आहे तो कोणता हे पॅथॉलॉजिस्टना विचारून तोच घ्या. दुसरं म्हणजे ज्या तपासण्या लागू शकतात त्या सगळ्या एकाच वेळी लिहून मागा. ब्लॉक यंत्रावर चढवला की दर वेळी वरचा पृष्ठभाग सपाट करताना थोडी ऊती वाया जाते. बायोप्सीचा तुकडा मुळात बारीक, दोन-तीनदा वेगवेगळं चढवला तर शेवटच्या तपासणीला काही उरत नाही. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच ईआर, पीआर, हर-२, की-६७ (किती पेशी वाढीला लागल्यात ते दाखवणारं प्रथिन) यांच्याबरोबरच ‘हर-२ संदिग्ध आल्यास फिशसाठी जादा काप काढून ठेवावेत’ असं चिठ्ठीत लिहिलं होतं. फिश ही हर-२ चं जनुक मोजणारी पुढची तपासणी. त्या एका ओळीने पुढे आमचे दिवस वाचले.

गुरुवार, २० फेब्रुवारी. रिपोर्ट मोबाइलवर आला. ईआर निगेटिव्ह. पीआर निगेटिव्ह. की-६७ ४५ टक्के. हर-२ २+, इक्विव्होकल.

मी तो भावोजींना दाखवला आणि आम्ही दोघंही त्यावर शोधत बसलो. जे कळलं ते असं: हर-२ निगेटिव्ह ठरलं तर गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची गोळीही नाही आणि हर-२ विरुद्धचं औषधही नाही, केमो आणि तिच्या जोडीला इम्युनोथेरपी अशी वेगळीच वाट. पॉझिटिव्ह ठरलं तर ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही नेम धरून जाणारी औषधं मिळणार. एकाच बाईच्या एकाच गाठीला दोन पूर्ण वेगळे उपचार, आणि मधे एक ‘सांगता येत नाही’. त्या रात्री ताईला मी काय सांगावं हे मला कळेना. शेवटी तिनेच विचारलं आणि मी जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “मग अजून उत्तर आलेलं नाहीये. इतकंच ना?” आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी ऑन्कॉलॉजिस्टनी सगळ्या स्लाइड्स आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्यायला सांगितल्या. याला स्लाइड रिव्ह्यू म्हणतात, वेगळी फी लागते, आणि माझं मत विचाराल तर ही फी कधीही वाचवू नका. या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर त्यांनी आधी ईआरची स्लाइड लावली. ताईच्या गाठीच्या पेशी सगळ्या निळ्या. पण कोपऱ्यात एक छोटी गोल नळी होती, दुधाची, निरोगी, आणि तिच्या काही पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती. मॅडम म्हणाल्या, “ही बघा. हिच्यावर रंग चढलाय म्हणजे तपासणी नीट झालीये. फॉर्मालिनने घोळ केला असता तर हीसुद्धा निळीच राहिली असती. म्हणून गाठीचं निगेटिव्ह मी मान्य करते.” आलेला नकार खरा आहे हे तपासायची सोय त्याच काचेवर असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमच्या रिपोर्टवर ‘इंटर्नल कंट्रोल’ (अशा निरोगी पेशी) आणि ‘एक्स्टर्नल कंट्रोल’ (तुलनेसाठी लावलेला दुसरा तुकडा) यांची नोंद आहे का ते बघा. नसेल तर विचारा.

मग हर-२ ची स्लाइड. त्याच काचेवर एका बाजूला तुलनेसाठी लावलेला, आधीच पॉझिटिव्ह माहीत असलेला तुकडा होता. त्यात प्रत्येक पेशीला काळपट तपकिरी कड, एकमेकींना भिडलेली. ताईच्या पेशींना कड होती, सलग होती, पण फिकट. काही ठिकाणी ठसठशीत, काही ठिकाणी डोळे ताणून बघावं लागे. मी बघत राहिले. मॅडमनी स्वतःहून सांगितलं, “दुसऱ्या कुणी हे १+ म्हटलं असतं, कुणी ३+ कडे झुकलं असतं. अशा वेळी डोळ्यावर भरवसा ठेवायचा नसतो, म्हणून फिश.” मग फॉर्मालिनमध्ये किती तास होतं हे त्यांनी विचारलं. रिपोर्टवर तो रकाना कोरा. मी बायोप्सीच्या ठिकाणी फोन लावला; सोनोग्राफीच्या छायाचित्रावर छापलेली वेळ मिळाली, सोमवारी तुकडे बाहेर काढल्याची नोंद मिळाली, आणि ती मॅडमनी रिव्ह्यूच्या रिपोर्टमध्ये हाताने लिहिली.

फिशमध्ये प्रथिन बघत नाहीत, जनुक मोजतात. हर-२ चं जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं. जनुकाला एका रंगाचा चमकणारा प्रोब आणि त्याच गुणसूत्राच्या मध्याला दुसऱ्या रंगाचा; मग अंधारात, फ्लुरोसेंट सूक्ष्मदर्शकाखाली, निदान २० पेशींमधले दोन्ही रंगांचे ठिपके मोजायचे. जनुक आणि मध्य यांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि जनुकाच्या सरासरी प्रती पेशीमागे ४ किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. आयएचसीची स्लाइडही सोबत पाठवतात, कारण मोजणी गाठीच्या पसरणाऱ्या भागातच व्हायला हवी. नळीच्या आतच राहिलेला कॅन्सर शेजारी असेल तर तो चुकून मोजला जाता कामा नये.

शनिवारी, २२ तारखेला काप रवाना झाले. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट येईल असं सांगितलं होतं. शुक्रवारी काही आलं नाही. मीच फोन केला तेव्हा कळलं की ठिपके फिके दिसले म्हणून तपासणी पुन्हा लावलीये. आपणहून कुणी कळवलं नव्हतं, आणि याचा मला राग आला. तपासणी पुन्हा करावी लागते हे समजू शकतं: प्रोब आत शिरावा म्हणून ऊतीवर आधी एन्झाइम घालतात, ते कमी-जास्त झालं की असं होतं. पण वाट बघणाऱ्या घराला एक निरोप द्यायला काय जातं? नमुना पाठवतानाच तिथला थेट नंबर आणि नमुन्याचा क्रमांक मागून घ्या, आणि ठरलेल्या दिवशी संध्याकाळी न लाजता फोन करा. जादा काप आधीच काढलेले होते म्हणून ब्लॉक पुन्हा चढवावा लागला नाही.

ते मधले दिवस फार जड गेले. ताई नेहमीसारखी कामाला जात होती. मी मात्र दर तासाला ईमेल उघडत होते, आणि एकाच वेळी दोन्ही निकालांची तयारी करत होते. त्याच काळात हर-२ चा इतिहास वाचला. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या स्त्रियांच्या गाठीत या जनुकाच्या जादा प्रती आहेत, त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे तेव्हा हर-२ पॉझिटिव्ह ही वाईट बातमी होती. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मंजुरी मिळाली, आणि कुणाला ते द्यायचं हे ठरवणाऱ्या आयएचसीच्या तपासणीलाही त्याच वेळी. आज त्याच जनुकाच्या प्रती जास्त निघाव्यात म्हणून मी देवाचा धावा करत होते. ज्यांचा २+ फिशमध्ये निगेटिव्ह ठरतो त्यांनीही तो आकडा जपून ठेवावा. आजार शरीरात पसरलेला असेल तर १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ ला आता ‘हर-२ लो’ म्हणतात, आणि अमेरिकेत २०२२ पासून त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे औषध वापरता येतं. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं ‘हर-२ निगेटिव्ह’ न लिहिता ०, १+ की २+ हे लिहून मागा.

मंगळवारी, ४ मार्चला दुपारी रिपोर्ट आला. हर-२ च्या सरासरी प्रती ५.२, गुणसूत्राच्या मध्याचे ठिपके २.०, गुणोत्तर २.६. पॉझिटिव्ह, म्हणजे अॅम्प्लिफाइड, जनुकाच्या प्रती जादा. मी ताईला फोन केला, ती मीटिंगमध्ये होती. बाहेर येऊन म्हणाली, “आकडा सांग.” मी सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “चला, औषध आहे म्हणजे.”

खर्चाबद्दल बरेच जण विचारतात. रक्कम लिहीत नाही, कारण ती जागोजागी बदलते, पण आकारणी कशी होते ते सांगते. आयएचसीचे पैसे प्रत्येक अँटीबॉडीमागे लागतात. स्तनाच्या कॅन्सरचं पॅनेल एकत्र मागितलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. फिश एका आयएचसीच्या मानाने खूप महाग. स्लाइड रिव्ह्यू वेगळी, ब्लॉकमधून जादा काप काढायचे पैसे काही ठिकाणी वेगळे, कुरियर वेगळं. फिश पुन्हा करावी लागली तर दुसऱ्यांदा पैसे घेणार का, हे आधीच विचारा. आमच्याकडून घेतले नाहीत. विम्यातून परतावा हवा असेल तर प्रत्येक तपासणीसाठी डॉक्टरांची, तपासणीच्या आधीच्या तारखेची लेखी सूचना लागते. बिलावर नुसतं ‘स्पेशल स्टेन’ असं मोघम लिहिलेलं आमचं एक बिल परत आलं. तपासणीचं पूर्ण नाव घालून ते बदलून आणावं लागलं.

औषध ठरल्यावर हृदयाची टूडी इको झाली, कारण ट्रास्टुझुमॅबने हृदयाचं काम मंदावू शकतं. ती पुढेही दर तीन महिन्यांनी असते. ११ मार्चला पहिली सायकल, २४ जूनला शेवटची. दर तीन आठवड्यांनी दोन केमोची औषधं आणि दोन हर-२ विरुद्धची. त्या काळाबद्दल ताईला स्वतःला लिहायचं आहे, तेव्हा तो भाग तिचा.

जुलैच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. गाठीच्या जागी काही मिलिमीटरचा भाग शिल्लक निघाला, आणि त्यावर पुन्हा आयएचसी सांगितली. उपचारानंतर उरलेल्या पेशींचा स्वभाव आधीसारखाच असेल असं धरून चालत नाहीत. या वेळी तुकडा शरीराबाहेर काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ थिएटरच्या नोंदीतून अर्जावर आली, रकाना भरलेला होता. ईआर, पीआर तसेच निगेटिव्ह, हर-२ पुन्हा २+, फिश पुन्हा पॉझिटिव्ह. त्यामुळे पुढचं औषध आता ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन, तीन आठवड्यांतून एकदा, एकूण १४ डोस.

राहता राहिला ब्लॉक. तपासण्या झाल्या की तो आपोआप परत येत नाही, मागावा लागतो. आम्ही दोन्ही ब्लॉक मूळ प्रयोगशाळांच्या संग्रहात परत दिले, त्यांच्या सहीशिक्क्याची पावती घेतली. घरी ठेवायचे असतील तर थंड, कोरड्या जागी ठेवा. काचेवर काढून ठेवलेल्या न रंगवलेल्या कापांवर मात्र विसंबू नका. आठवडे गेले की त्यांच्यावर रंग नीट चढत नाही. पुढे कधी तपासणी लागली तर ब्लॉकमधून ताजे काप काढून घ्यायचे. ब्लॉकचे नंबर, ते कुठे आहेत, आणि फिशच्या रिपोर्टची प्रत ताईच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.